मोकळा झालेला रुपया कोणाच्या हाती?

(सिन्नर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपणांपुढे मी जो विषय मांडणार आहे, तो व्यासपीठावरचा कमी आणि चुलीपुढचा अधिक वाटेल. घरात आलेला पैसा कोणकोणत्या वाटांनी बाहेर जातो आणि त्या वाटा पिढ्यानुपिढ्या कशा बदलत गेल्या, एवढाच तो विषय आहे. धर्मांतर, राखीव जागा, जमिनीचा हक्क, अत्याचारांचा प्रतिकार असे मोठे प्रश्न समोर उभे असता घरखर्चाचे काय बोलावयाचे, असे कोणास वाटणे शक्य आहे. परंतु ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके रोख पैसाच येऊ दिला गेला नाही, त्याच्या घरातील जमाखर्च हा त्याच्या हक्कांचाच जमाखर्च असतो. म्हणून आपण या विषयाकडे थोडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या घरातील रुपयाचा बराच मोठा भाग पोटाच्या तगाद्यातून मोकळा झाला. तो आपोआप मोकळा झालेला नाही. त्यामागे कष्ट आहेत, चळवळ आहे, कायदे आहेत. परंतु मोकळा झालेला हा भाग आपल्या हाती राहिला, की एका सावकाराच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती गेला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सरकारी अहवालात पुरते मिळणार नाही. ते आपल्या घरच्या वहीत शोधावे लागेल.

प्रथम मागे वळून पाहू. वतनाच्या काळी आपल्या घरात घरखर्च नावाची वस्तूच जवळजवळ नव्हती. गावकामगार महाराला रोख वेतन नव्हते. खळ्यावरचे बलुते, घरोघर मागून आणलेली भाकर आणि वतनाच्या जमिनीचा तुकडा, एवढीच त्याची मिळकत. खर्च म्हणजे निवड. जोंधळा घ्यावा की बाजरी, लुगडे घ्यावे की पाटी-पुस्तक, असे ज्याला ठरविता येते तोच खर्च करतो. ज्याच्या पदरात दुसऱ्याने टाकलेले पडते, त्याच्या घरी काय शिजावे हे देणारा ठरवितो. बलुत्याला दया समजणारे लोक आजही भेटतात. ते एक गोष्ट विसरतात. बारा महिने चोवीस तास राबवून घेतलेल्या श्रमाचे मोल रोख न देता धान्यात व उष्ट्यात देणे, म्हणजे त्या माणसाला बाजारापासून दूर ठेवणे होते.

त्या जमिनीच्या तुकड्यावरही सरकारची जुडी होती. मुंबई सरकारने ती वाढविली, तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये याच सिन्नर येथे महार, मांग व वेठिया यांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत भरली आणि वाढीव जुडीला विरोध करण्यात आला. सिन्नरकरांनी ही गोष्ट विसरू नये. या गावात आपल्या माणसांनी घराच्या मिळकतीतून कोण किती काढून घेणार, हा प्रश्न जाहीरपणे विचारला आहे. वतनाविरुद्धचा लढा त्याहूनही जुना होता. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले होते. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ रोजी अमलात आला. बलुते गेले, राबणूक गेली, आणि माणूस मजुरीच्या रोख पैशाकडे वळला. आपल्या घरखर्चाचा इतिहास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

परंतु पैसा हाती आला म्हणून तो खर्च करण्याची मोकळीक मिळाली, असे झाले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना तेथे करता आले नाही, त्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात त्यांनी काही घटना नोंदविल्या आहेत. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी बऱ्या परिस्थितीतील अस्पृश्य घरांतील स्त्रिया धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातील चकवारा गावी यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या लोकांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. तेवढ्यावरून लाठ्या घेतलेला जमाव चालून आला, अन्न नासविले गेले, जेवणारांना मारहाण झाली. इंदूर संस्थानातील बलाई लोकांना तर कोणते काठ असलेले धोतर नेसू नये आणि बायकांनी कोणते दागिने घालू नयेत, याची यादीच सुनावण्यात आली होती.

या घटना आपण अत्याचार म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. आज माझ्याबरोबर त्या घरखर्चाच्या दृष्टीने वाचा. घागर, तूप, लुगडे आणि दागिना या चारही वस्तू पदरच्या पैशाने घेतलेल्या होत्या. ज्यांनी हल्ला केला त्यांचे कोणी काही चोरले नव्हते. त्यांना सोसले नाही ते एवढेच, की या माणसाने आपला पैसा आपल्या मर्जीने खर्च केला. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी आणि अंगावरच्या जड दागिन्यांविषयी उपदेश होता. चवदार तळ्याच्या लढ्याच्या ऐन धामधुमीत एवढा मोठा नेता लुगड्याविषयी का बोलतो, याचे उत्तर येथे आहे. कपड्यालत्त्यावरून माणसाची पायरी ठरविणारी जी व्यवस्था होती, तिची खूण आपल्या हाताने उतरविण्यास ते सांगत होते.

आता आकड्यांकडे येऊ. आकड्यांना कंटाळू नका. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते आणि आकड्यांचा त्यांना कधी कंटाळा नव्हता. जर्मनीत एर्न्स्ट एंगेल नावाचा एक सांख्यिकी होऊन गेला. त्याने १८५७ साली कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. मिळकत वाढू लागली की अन्नाचा वाटा कमी होत जातो. अन्नावरचा खर्च रुपयांत वाढतो, परंतु एकूण खर्चाच्या मानाने घटतो. हा नियम जगात बहुतेक सर्वत्र खरा ठरला आहे.

आपल्याकडे मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. त्या घरांत रुपयातले सुमारे ५७ पैसे अन्नावर जात होते. शंभरांतील ४७ कुटुंबे कर्जात होती, आणि सावकाराचा नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे सालाचे शेकडा ७५ होता. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री असताना देशातील अनेक औद्योगिक केंद्रांत कामगारांच्या घरखर्चाच्या पाहण्या झाल्या. राहणीखर्चाचा निर्देशांक त्यावरून काढता येतो आणि महागाईभत्ता कशाच्या आधारे मागावयाचा, हे त्यावरून ठरते. कामगाराच्या बायकोने मीठ, तेल, रॉकेल यांना किती पैसे लागतात ते सांगितले, म्हणून कामगाराची मागणी कागदावर उभी राहिली. घरचा हिशेब हा हक्काचा पुरावा कसा होतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

स्वतंत्र भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या १९७२-७३ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात रुपयातले सुमारे ७३ पैसे अन्नावर जात होते, आणि त्यांतले ४१ पैसे नुसत्या धान्यावर. ते साल महाराष्ट्रातील महादुष्काळाचे होते. सिन्नर हा पर्जन्यछायेतील तालुका. खडी फोडण्याची कामे, तेथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो यांची आठवण आपल्यातील वडीलधाऱ्यांना असेल. त्या काळी घरखर्चाची वही ठेवण्याचे कारणच नव्हते, कारण आलेला पैसा ज्वारी-बाजरीच्या दुकानापर्यंत जाऊन संपत होता.

पुढे वाटा बदलला. १९९९-२००० साली ग्रामीण भागातील अन्नाचा वाटा ५९ पैशांवर आला आणि धान्याचा २२ पैशांवर. २०२२-२३ च्या पाहणीत अन्नाचा वाटा ४६ पैसे आणि धान्याचा जेमतेम ५ पैसे निघाला. रेशनवर फुकट मिळालेल्या धान्याची किंमत त्यात धरलेली नाही. शहरात अन्नाचा वाटा ३९ पैसे होता. २०२३-२४ साली ग्रामीण वाटा किंचित वाढून ४७ झाला. पाहणीच्या पद्धती मध्यंतरी बदलल्या आहेत, म्हणून एकेका पैशाचा वाद घालण्यात अर्थ नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. १९७२-७३ साली अन्न सोडून इतर गोष्टींसाठी रुपयातले २७ पैसे उरत होते. आज ५३-५४ पैसे उरतात. हा जो दुप्पट झालेला भाग, त्यालाच मी मोकळा झालेला रुपया म्हणतो.

तो मोकळा कशाने झाला? सुधारलेले बियाणे व पाटपाणी यांमुळे देशात गहू-तांदूळ वाढला. रेशनची व्यवस्था पसरली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा हक्क झाला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य पात्र कुटुंबांना फुकट मिळू लागले. दुसऱ्या बाजूने मजुरीचे स्वरूप बदलले. आपल्याच तालुक्यात माळेगाव आणि मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि शेतमजुराचा मुलगा पाळीवर जाऊ लागला. शिक्षण घेतलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या. यांपैकी कोणतीही गोष्ट दैवाने दिलेली नाही. प्रत्येकीमागे कोणाची तरी मागणी, मोर्चा, मतपत्रिका किंवा कलम आहे.

धर्मांतराचाही यात वाटा आहे, आणि तो सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. नवस, जत्रेतील बळी, अंगात येणाऱ्याची दक्षिणा, मेलेल्याच्या नावाने काढलेले कर्ज हे सारे खर्चाचे खाते ज्या घरांनी बंद केले, त्या घरांत पाटी-पुस्तकाचे खाते उघडले. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी जे ग्रंथांचे बाजार भरतात, ते पाहावे. हातावर पोट असलेला माणूस तेथून पुस्तकांचे गाठोडे घेऊन घरी जातो. जत्रेचा पैसा ग्रंथाकडे वळविणारा समाज आपण आहोत, हा आपला अभिमानाचा ठेवा आहे.

परंतु अभिमानाने पोट भरत नाही व हिशेबही पुरा होत नाही. मोकळा झालेला रुपया आज कोठे जातो ते पाहू. २०११-१२ साली ग्रामीण घरातील रुपयातले सुमारे ४ पैसे प्रवासावर जात होते; २०२२-२३ साली साडेसात पैसे जाऊ लागले. औषधपाण्यावर ७ पैसे. बाटलीतली पेये, चहा-फराळ, पुड्यातले तयार खाद्य यांवर साडेनऊ पैशांहून अधिक, म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट. पान, तंबाखू व मादक पदार्थांवर पावणेचार पैशांहून थोडे अधिक. आणि शिक्षणावर ३ पैसे ३० शतांश.

हे शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. सरकारी शाळेत फी नसते आणि शिष्यवृत्त्या मिळतात, म्हणून शिक्षणाचा आकडा लहान दिसतो हे खरे. तरीही देशातील खेड्यांतील घरे मुलांच्या शिक्षणापेक्षा तंबाखू-दारूवर अधिक खर्च करतात, हे वाचून आपली मान खाली गेली पाहिजे. हा आकडा साऱ्या ग्रामीण भारताचा आहे, केवळ आपल्या समाजाचा नाही. परंतु ज्यांनी प्रतिज्ञा घेतली, त्यांचा आकडा वेगळा असावयास हवा.

या सर्व खर्चांना एकाच तराजूत घालणे मात्र अन्यायाचे होईल. माझ्या मते नव्या खर्चाचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार आपण निवडलेला. धूर करणाऱ्या चुलीऐवजी गॅस, पायांना चप्पल, मुलीला सायकल, भिंतीला सिमेंट, कपाटात ग्रंथ. या खर्चाला कोणी चैन म्हणेल तर त्यास झानूच्या घागरीची आठवण द्यावी. दुसरा प्रकार लादलेला. गावातील दवाखान्यात औषध नाही म्हणून खासगी रुग्णालय, शाळेत शिक्षक पुरेसे नाहीत म्हणून शिकवणी, एस.टी. वेळेवर नाही म्हणून हप्त्यावरची मोटारसायकल. हा खर्च वाढला म्हणजे घर श्रीमंत झाले असे नव्हे. सरकारने आपले काम टाकले आणि ते घराने उचलले, एवढाच त्याचा अर्थ. तिसरा प्रकार भुलविलेला. पाच-दहा रुपयांच्या पुड्या, वाढदिवसाचे फलक, कर्णकर्कश वाद्ये, शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतलेला मोबाईल.

पहिल्या खर्चाचे रक्षण करावे, दुसऱ्याबद्दल सरकारला जाब विचारावा, तिसऱ्याबद्दल स्वतःला जाब विचारावा. आज बहुधा उलटे चालते. घरात पैसा कमी पडला की पहिल्या खर्चाला कात्री लागते. मुलीचे शिक्षण थांबते आणि मांडव मात्र मोठा होतो.

लग्नाच्या खर्चाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. भारतातील मजुरांविषयीच्या शाही आयोगाने १९३१ सालीच लिहून ठेवले होते की, मजुराच्या कर्जाचे मोठे कारण सण-समारंभ, आणि त्यातही लग्न. आपला लग्नविधी तर अत्यंत साधा आहे. त्रिशरण, पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा यांना पैसा लागत नाही. एवढा साधा विधी आपण स्वीकारला आणि त्याभोवती मंगल कार्यालय, मिरवणूक, आहेर यांचा जुनाच डोलारा पुन्हा उभा केला. जत्रेचे खाते ज्या हाताने बंद केले, त्याच हाताने हे खाते उघडले गेले. बापाने मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज मुलगा आपल्या मजुरीतून फेडतो. मग त्या घरातील मोकळा रुपया पुन्हा गहाण पडला म्हणावयाचा.

गहाणाची रीतही बदलली आहे. आण्याचा दर लावणारा सावकार मागे सरला आणि दारात आठवड्याच्या हप्त्याचा वसुलीदार आला. बचतगटाने पुष्कळ बायकांच्या हाती पैसा दिला, हे मी नाकारीत नाही. परंतु एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे अशी साखळी लागली की घर पुन्हा वतनदाराच्या ओसरीवर उभे राहते. आपण हा नियम ध्यानात ठेवा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांप्रमाणे, वर्षाचे उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेले कर्ज हे सूक्ष्म कर्ज होय. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कर्ज देणाराने हे पाहिलेच पाहिजे. जो हे न पाहता पैसे देतो, तो उपकार करीत नाही, नियम मोडतो.

आता सिन्नरच्या विडी वळणाऱ्या भगिनींविषयी. या गावाचे नाव विडीच्या धंद्याशी फार वर्षांपासून जोडलेले आहे. मांडीवर सूप घेऊन, पान कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून हजारांच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या बाईने या गावातील कित्येक चुली पेटत्या ठेवल्या. घरबसल्या करावयाचे काम म्हणून त्याला ‘हातखर्चाला’ असे नाव पडले. हे नाव खोटे आहे. ज्या पैशाने मीठ-मिरची येते, मुलाच्या वह्या येतात, ती मिळकतच होय. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. १९७७ पासून या धंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने घरी बसून विडी वळणारी व्यक्तीही त्या निधीस पात्र असल्याचा निर्णय दिला. तरीही आपली मिळकत किती, निधीत किती जमा झाले, याचा कागद किती भगिनींच्या हाती आहे? जी बाई मिळविते पण जिच्या नावे वही नाही, तिचा रुपया मोकळा झाला असे म्हणता येणार नाही. घरात रुपया कोठे जावा हे ठरविताना मिळविणारीचे मत घेतले जात नसेल, तर गावाने जे आपल्याशी केले तेच आपण घरात करीत आहोत.

आणखी एक आकडा सांगतो, तो सर्वांत बोचरा आहे. २०२२-२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात माणशी दरमहा सरासरी खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये होता; महाराष्ट्रात तो अनुक्रमे ४,०१० आणि ६,६५७ होता. आता देशातील समाजगटांचे आकडे पाहा. ग्रामीण भागात अनुसूचित जातींचा माणशी खर्च ३,४७४ रुपये, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग सोडून उरलेल्यांचा ४,३९२. शहरात अनुसूचित जातींचा ५,३०७ आणि त्या उरलेल्यांचा ७,३३३. म्हणजे खेड्यात दुसरा रुपया खर्च करतो तेव्हा आपण ७९ पैसे करतो, आणि शहरात तो रुपया करतो तेव्हा आपण ७२ पैसे. खेड्याहून शहरात आपण अधिक मिळवितो हे खरे, आणि खेडे सोडण्याचा बाबासाहेबांचा उपदेश त्या अर्थी योग्यच ठरला. परंतु शहरातील अंतर खेड्यापेक्षाही मोठे आहे. चांगल्या नोकऱ्या, चांगली वस्ती आणि बापजाद्यांची शिल्लक यांचा प्रश्न तेथे आपल्यापुढे उभा राहतो. तेव्हा केवळ काटकसरीने हे अंतर भरून निघेल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. २१ आणि २८ पैशांचा हा खड्डा उधळपट्टीने पडलेला नाही.

मग काटकसर कशासाठी? शिलकीसाठी. भगवान बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. संपत्तीची गळती कोणत्या वाटांनी होते ते त्यात सांगितले आहे. मद्य, जुगार, तमाशांची ओढ, वाईट संगत आणि आळस यांचा त्यात उल्लेख आहे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. उपभोगाचा भाग बुद्धाने नाकारला नाही, हे लक्षात घ्या. कंगाल राहावे, असे त्याने गृहस्थाला सांगितले नाही. आज मजुराला मिळकतीचा निम्मा भाग उद्योगात घालणे शक्य होणार नाही. परंतु आपल्यासाठी उद्योग म्हणजे प्रथम मुलांचे शिक्षण, आणि संकटाचा भाग लहान असला तरी तो वेगळा ठेवणे प्रत्येक घराला शक्य आहे.

शेवटी चार सूचना करतो. पहिली, प्रत्येक घराने एक वही ठेवावी आणि तिच्यात निवडलेला, लादलेला आणि भुलविलेला असे खर्चाचे तीन रकाने आखावेत. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे हे काम द्यावे. त्यांना गणितही येईल आणि घरही कळेल. दुसरी, महिन्यातून एकदा घरातील सर्वांनी, मिळविणाऱ्या स्त्रियांसह, ती वही पुढे घेऊन बसावे. तिसरी, विहारात वर्षातून एकदा या वह्यांवरून लादलेल्या खर्चाची एकत्र बेरीज करावी. एका घराची तक्रार अर्जात हरवते. शंभर घरांनी औषधांवर किती पैसे घातले, याचा आकडा तहसील कचेरीत आणि जिल्हा परिषदेत हरवत नाही. चौथी, जे हक्काने मिळते ते मागितल्यावाचून सोडू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे, बाबासाहेब केंद्रात मंत्री असतानाच ती सुरू झाली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. विडी कामगारांचा निधी आहे. अर्ज न केल्यामुळे बुडालेला प्रत्येक रुपया हा आपण आपल्या हाताने दिलेला जुडीचा रुपया आहे.

आपल्या आजोबांना काय खावे हे ठरविण्याचा हक्क नव्हता. आपल्या बापांना तो मिळाला, परंतु ठरविण्याइतका पैसा उरत नव्हता. आपल्या पिढीत तो थोडा उरू लागला आहे. १९४१ साली या गावात जमलेल्या माणसांनी सरकारला विचारले होते की, आमच्या तुकड्यातून तुम्ही एवढे का घेता? आज तोच प्रश्न आपण सरकारला, बाजाराला, वसुलीदाराला आणि स्वतःच्या हौसेला विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल, तर रुपया मुठीतून सोडू नये.